‘मला वकील द्या’ हे आधी कोणी म्हणायचं?

अंकुशनगरात बोलायला उभं राहिलं की विषय आपोआप उसाकडे वळतो. कारखाना समोर असताना दुसरं काय होणार! आज मात्र मी कोर्टाबद्दल बोलणार आहे. उसापर्यंत येऊच शेवटी.

गरिबाला सरकार मोफत वकील देतं, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण असा वकील मिळतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार कसा? या मदतीचा आपल्याकडचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

सुरुवात दानधर्मासारखीच झाली. 1924 साली मुंबईत ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ स्थापन झाली. पुढे 1949 मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपला जालना तेव्हा त्या राज्यात नव्हताच. आपण हैदराबादेत. निजामाच्या काळात कोर्टाची भाषा उर्दू, उच्च न्यायालय हैदराबादला. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, तर अपिलासाठी थेट मुंबई गाठायची वेळ आली. वकिलाची फी बाजूलाच राहू द्या, दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि तिथं राहायचा खर्च, एवढ्यातच कितीतरी अपिलं मेली असतील. औरंगाबादला खंडपीठाचं काम सुरू झालं ते ऑगस्ट 1981 मध्ये, जालना जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी. त्यालाही कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खंडपीठाच्या बाजूने लागला. न्याय जवळ आणणं हीसुद्धा कायदेशीर मदतच आहे, असं मी मानतो.

दरम्यान 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद 39-अ आला होता. पैशाअभावी किंवा दुसऱ्या कुठल्या दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला मुकू नये, हे पाहणं राज्याचं काम ठरलं. पण तो मार्गदर्शक तत्त्वांचा भाग, तेवढ्यावर कोर्टात हक्क सांगता येत नव्हता. त्याला बळ आलं ते महाराष्ट्रातल्याच एका कैद्यामुळे.

माधव होसकोट हे विद्यापीठात शिकवणारे गृहस्थ. बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल मुंबईत खटला झाला. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली कोर्ट उठेपर्यंतची, आणि दंड. उच्च न्यायालयाने 1973 मध्ये ती वाढवून तीन वर्षं सक्तमजुरी केली. होसकोट सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा मधे चार वर्षांहून जास्त काळ गेला होता. उशीर का? तर म्हणे निकालाची प्रतच मिळाली नाही. तुरुंगाने सांगितलं, प्रत दिली होती. पण दिल्याची कैद्याची सही काही दाखवता आली नाही.

1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यांचं अपील काही दाखल करून घेतलं नाही. माणूस दोषीच होता. पण त्याच निकालात सांगितलं, की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही. तो हक्क, मेहेरबानी नाही. जरा विचार करा, हे प्राध्यापक! शिकलेल्या माणसाला जर एक कागद मिळत नसेल, तर अंगठा उठवणाऱ्याचं काय होत असेल?

त्याचं उत्तर पाच वर्षांनी मिळालं. पत्रकार शीला बरसे यांनी 1982 मध्ये मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. कोर्टाने ते पत्रच याचिका मानलं. फेब्रुवारी 1983 चा निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी. म्हणजे 1949 च्या समितीवाल्या भगवतींचे चिरंजीव! अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच कळवायचं. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत ठेवायचं, पहाऱ्यावर स्त्री पोलीस. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे : अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचे, *आणि त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवायचे*. नुसतं लावून भागत नाही, हे कोर्टाला कळलं होतं.

1986 मध्ये अरुणाचल प्रदेशच्या सुक दास खटल्यात उरलेली पळवाटही बंद झाली. आरोपीने वकील मागितलाच नाही, ही सबब चालणार नाही, असं सांगून कोर्टाने शिक्षाच रद्द केली. म्हणजे आधी बोलायची जबाबदारी न्यायाधीशाची.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 ला. आठ वर्षं लागली, आपल्याकडच्या रीतीप्रमाणेच. त्याच्या कलम 12 मध्ये कोणाला वकील मिळतो ते दिलंय : स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातले कामगार, कोठडीतले, वेठबिगारीला किंवा माणसांच्या तस्करीला बळी पडलेले, आपत्तीत सापडलेले. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. आणि त्या उत्पन्नाबद्दल कलम 13 म्हणतं, अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं आहे, ते खोटं मानायला कारण नसेल तर. दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्यांनी हे कलम तोंडपाठ करावं.

(श्रोत्यांतून प्रश्न : आमची माणसं तोडीला दुसऱ्या जिल्ह्यात, कर्नाटकातही जातात. तिथं काही झालं तर इथं यायचं का?)

बरं झालं विचारलंत, उसावर आलोच. नाही, यायची गरज नाही. कलम 12 मध्ये ‘राज्याचा रहिवासी’ अशी अटच नाही. जिथं खटला आहे, तिथल्या तालुका समितीकडे अर्ज द्यायचा. इथला असेल तर अंबडला किंवा जालन्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथल्या कर्मचाऱ्याने तो लिहून घ्यायचा असतो. कोयता नवरा-बायकोचा असतो ना? उचलीवरून मुकादमाशी वाद झाला, तर अर्ज बाईच्या नावानेही करता येतो, मग उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही. फोनवर विचारायचं असेल तर 15100. लिहून घ्या, मी परत सांगतो : एक, पाच, एक, शून्य, शून्य.