उशीर नको, थोडे सांडले तरी चालेल

आपल्यापैकी बहुतेकांनी भारतात फोन लावण्याचे दोन काळ पाहिले आहेत. एक कॉलिंग कार्डावरची उरलेली मिनिटे मोजत बोलण्याचा आणि दुसरा तास-दीड तास निवांत गप्पा मारण्याचा. हा दुसरा काळ येण्यामागे पन्नास वर्षांची खटपट आहे. ती फक्त स्वस्ताईसाठी नव्हती, आवाज नीट पोचवण्यासाठीही होती.

जुन्या टेलिफोनमध्ये आपल्या संभाषणापुरती एक वाट राखून ठेवलेली असे. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे पॅकेट्स, करून ते ईमेल आणि चित्रांच्या गर्दीत सोडले जातात. सर्वसाधारणपणे सेकंदाला ५० पॅकेट्स निघतात आणि प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. काही उशिरा पोचतात, काही वाटेतच हरवतात.

ऑगस्ट १९७४ मध्ये इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे आर्पानेटवर, कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधील दोन प्रयोगशाळांत असा आवाज प्रथम प्रत्यक्ष संभाषणाच्या वेगाने गेला. या कामातील एक प्रमुख शास्त्रज्ञ होते डॅनी कोहेन. मजकुराचा हरवलेला तुकडा पुन्हा मागवणे योग्यच. पण आवाजाचा तुकडा पुन्हा येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. तबलजीची एखादी मात्रा निसटली तर तो मागे जाऊन ती वाजवत नाही, समेवर वेळेत येतो. आवाजाचेही तसेच.

हा मुद्दा कोहेन यांच्यासारख्यांनी लावून धरला. त्या काळी टीसीपी या एकाच नियमावलीत सगळे कोंबलेले होते. १९७८ मध्ये तिचे टीसीपी आणि आयपी असे दोन भाग झाले आणि १९८० मध्ये हरवलेले परत न मागणारी यूडीपी ही पद्धत आली. आजचे बहुतेक इंटरनेट कॉल त्याच वाटेने जातात.

सामान्य माणसाच्या हाती ही सोय आली ती फेब्रुवारी १९९५ मध्ये, व्होकलटेक या इस्राएली कंपनीच्या 'इंटरनेट फोन'मुळे. मोडेमवरचा तो आवाज तुटक असे. भारतात इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ रोजी. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले (ते मे २०२५ मध्ये बंद झाले). २०१२ मध्ये प्रमाणित झालेले ओपस हे आवाज लहान करण्याचे तंत्र नेटचा वेग घटला-वाढला तरी जुळवून घेते.

पण अंतराचे काय? आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणे सहज वाटते. न्यू यॉर्क ते मुंबई सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे साठेक मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले. समुद्रातल्या केबल्स वळसे घेतात, ते वेगळे. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तजवळ दोन केबल्स तुटल्या, तेव्हा भारताची इंटरनेट वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली.

उरलेल्या वेळातच बाकीचे सगळे बसवायचे. पुढेमागे आलेली पॅकेट्स सारख्या अंतराने वाजावीत म्हणून त्यांना क्षणभर थोपवणारे 'जिटर बफर' असते. ते मोठे केले तर आवाज अखंड येतो, पण उशीर वाढतो; लहान केले तर उशीर कमी, पण शब्द गळतात. ही तारेवरची कसरत प्रत्येक कॉलमध्ये सतत चालू असते.

या मिलिसेकंदांचे मोल तंत्रज्ञांपेक्षा घरच्यांना जास्त. एखादे अक्षर गळले तर आई ते संदर्भाने समजून घेते. पण "बरी आहेस ना?" या प्रश्नानंतर अर्धा सेकंद शांतता आली, तर काळजात चर्र होते. ती शांतता बहुधा केबलची असते, आईची नव्हे. म्हणून राउटरजवळ बसावे, शक्य तर हेडफोन लावावा, म्हणजे पलीकडे प्रतिध्वनी जात नाही. आणि आपला पुढचा प्रश्न विचारण्याआधी क्षणभर थांबावे. तिचे उत्तर वाटेत असते.