अंगठा कोणाचा, संशय कोणाचा?

मराठेशाहीतले महजर आणि वतनाचे कागद वाचताना मला सगळ्यांत बोलकी वाटते ती शेवटी उमटलेली निशाणी. लिहिता न येणारा कुणबी नांगराचं चित्र काढायचा, बलुतेदार आपापल्या धंद्याचं हत्यार काढायचे. आता नांगर काही एकट्या एका कुणब्याचा नसतो, ते चित्र कोणीही काढील. मग त्याला किंमत कशामुळे होती? ती निशाणी गोताच्या देखत, पाटील-कुलकर्ण्यांसमोर झालेली असायची म्हणून. खरेपणा चित्रात नव्हता, पाहणाऱ्या माणसांत होता. ती व्यवस्था न्यायाची होती असं मी म्हणत नाही. पाटलाची मर्जी फिरली की गरिबाची साक्षही फिरायची. पण आपल्यावर संशय घेणारा कोण, हे त्याला चेहऱ्यानिशी ठाऊक असे.

पुढे नांगर गेला आणि अंगठा आला. हा बदल आपल्याच देशात घडला, आणि त्याची सुरुवात शास्त्रातून नव्हे, धाकातून झाली.

सन 1858. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल हा तरुण इंग्रज अधिकारी होता. रस्त्याचं सामान पुरवण्याचा करार त्यानं राज्यधर कोनाई या माणसाशी केला. सही नंतर नाकारली जाईल अशी त्याला धास्ती होती. म्हणून त्यानं कोनाईच्या तळहाताला शिक्क्याची शाई फासली आणि कागदाच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. प्रत्येकाचे ठसे वेगळे असतात हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. सही नाकारण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये, एवढाच हेतू होता, असं पुढे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे.

पण हर्शेलला एकांगी रंगवणं बरोबर होणार नाही. 1860 मध्ये तो नदिया जिल्ह्यात होता. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयतेचं बंड पेटलं होतं आणि बनावट करारनाम्यांचे खटले उभे राहत होते. रयतेच्या करारांवर बोटांचे ठसे घ्यावेत असं त्यानं सुचवलं. तसं झालं असतं तर हे तंत्र दुबळ्याची ढाल ठरलं असतं. वरिष्ठांनी ते उचललं नाही. 1877 मध्ये हुगळीला त्यानं आपल्या अधिकारात पेन्शन, दस्तनोंदणी आणि तुरुंगाच्या कागदांवर ठसे घ्यायला सुरुवात केली, पण तो गेल्यावर ते मागे पडलं.

सरकारनं हे तंत्र मनापासून स्वीकारलं ते गुन्हेगार शोधण्यासाठी. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांच्या ठशांची 1024 खान्यांत वर्गवारी बसवली. हजारो कागदांतून नेमका कागद काढणं त्यामुळे शक्य झालं. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग निघाला, 1901 मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डात. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचं मिळालं.

एकदा खाने तयार झाले की ते भरण्याचा मोह होतोच. 1871 च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. 1911 च्या कायद्यानं त्यांतल्या नोंदलेल्या माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. आपल्या सोलापुरात अशा जमातींची वसाहत तारेच्या कुंपणात होती. तिथल्या अनेकांनी आयुष्यात चोरी केली नव्हती, तरी हजेरी चुकत नसे. तो कायदा 1952 मध्ये गेला, लोकांच्या मनातला शिक्का मात्र सहजी गेला नाही.

हेच तंत्र दक्षिण आफ्रिकेतही पोहोचलं. ट्रान्सवालमध्ये 1907 च्या कायद्यानं हिंदी लोकांवर नोंदणी आणि दहा बोटांचे ठसे लादले. कायदा गुन्हेगारांकडूनच ठसे मागतो, हे गांधीजींना हेन्रींच्याच पुस्तकातून समजलं होतं. 1908 च्या जानेवारीत जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. लोकांनी आपणहून नोंदणी करायची आणि सरकारनं कायदा मागे घ्यायचा, असं गांधीजींनी त्यातून समजून घेतलं. त्यांनी स्वतः ठसे दिले, त्यापायी चिडलेल्या आपल्याच माणसांचा मारही खाल्ला. कायदा मात्र मागे घेतला गेला नाही. 16 ऑगस्ट 1908 ला जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीसमोर दोन हजारांहून अधिक परवाने कढईत जाळले गेले. भांडण शाईशी नव्हतंच. आपणहून दिलेला ठसा आणि सक्तीनं घेतलेला ठसा, यांत माणसाच्या इभ्रतीचं अंतर आहे, हे गांधीजींनी ओळखलं होतं.

आता आपल्याकडे या. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल, हे आश्वासन खोटं नव्हतं. पुढे 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. 26 सप्टेंबर 2018 ला आधार बहुमतानं वैध ठरलं, पण बँक खातं आणि मोबाइलसाठीची सक्ती रद्द झाली. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्रानं आपल्या हाती ठेवला.

माझी शंका यंत्रावर नाही. यंत्र बहुतेक वेळा बरोबरच सांगतं. पण विटा वाहून, निंदणी-खुरपणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा रेशन दुकानातलं यंत्र नाकारतं तेव्हा काय होतं? पर्याय नियमात असतात. ते मागायचे कोणाकडे हे त्या म्हातारीला कोणी सांगत नाही. संकेतशब्द फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

जंगीपूरपासून आजवर सरकारनं रयतेला एकच प्रश्न विचारला आहे: तू तोच आहेस कशावरून? रयतेचाही एक प्रश्न आहे: माझा ठसा ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला वापराल कशावरून? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दीडशे वर्षं खर्ची पडली आणि उत्तम यंत्रं तयार झाली. दुसऱ्याचं उत्तर कोणतंही यंत्र देणार नाही. ते कायद्यानं द्यायचं असतं, आणि कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारता आला तरच ते खरं मानायचं असतं.