खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : माशांची निवड

घरच्या काचेच्या टाकीत समुद्री मासे पाळताना कोणत्या जाती एकत्र नांदतील आणि त्या टाकीच्या पाण्यात टिकतील, हे ठरवून केलेली निवड. टाकीसाठी विकले जाणारे समुद्री मासे मुख्यतः प्रवाळखडकांतले असतात व त्यांतील कित्येक आपली हद्द राखून राहतात. समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो. टाकीत त्याला जायला जागा नसते. म्हणून रंगापेक्षा स्वभाव, पूर्ण वाढीनंतरची लांबी आणि आहार या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून महाराष्ट्रातील लोकांना जिवंत समुद्री मासे काचेआड दाखवले. ते मत्स्यालय समुद्राला लागूनच होते. सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या चोपडा तालुक्यात मात्र समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, आणि केळी-कापसाच्या पट्ट्यात त्यात खतांतील नायट्रेट उतरलेले असू शकते. म्हणून आरओचे पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठीचे कृत्रिम समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवतात. खाण्याचे मीठ किंवा खडेमीठ चालत नाही, कारण कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे घटक त्यात पुरेसे नसतात. पाण्याची विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२६, सामू ८.१ ते ८.४ आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे.

चोपड्यासह सगळ्या खानदेशात खरी अडचण तापमानाची आहे. उन्हाळ्यात येथे पारा ४२ अंशांपलीकडे जातो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच सुमारे एक पंचमांशाने कमी असतो. कोरड्या हवेमुळे पाण्यावर लावलेला पंखा येथे कोकणापेक्षा चांगले काम देतो, पण मे महिन्यात चिलर किंवा वातानुकूलित खोली यांना पर्याय नाही. पंख्यामुळे पाणी झपाट्याने उडते, मीठ मात्र मागे राहते. ही घट रोज साध्या आरओ पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. वीज गेल्यास चालू राहील असा बॅटरीवरचा हवापंप जवळ असणे आवश्यक आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असल्याने येथील टाकीत मासे पुस्तकात सांगितलेल्या संख्येपेक्षा कमीच ठेवावेत. नवख्याने निदान २०० लिटरची टाकी घ्यावी आणि तीत ४ ते ५ लहान मासे पुरे मानावेत.

नवख्यासाठी ऑसेलॅरिस क्लाउनफिश सर्वांत योग्य. तो ८ ते ९ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, कोरडे खाद्य खातो आणि समुद्रफुलाशिवायही सुखाने राहतो. क्लाउनफिशची सर्व पिल्ले आधी नर होतात. जोडीतला मोठा व वरचढ मासा पुढे मादी बनतो. म्हणून दोन लहान पण असमान आकाराचे मासे एकदम आणावेत. तिसरा आणल्यास जोडी त्याला बहुधा जगू देत नाही. भारतीय बाजारात क्लाउनफिश म्हणून सेबे आणि क्लार्क या जातीही विकल्या जातात. त्या अधिक मोठ्या व भांडखोर असल्याने लहान टाकीत टाळाव्यात.

या जोडीसोबत टाकीच्या वेगवेगळ्या थरांत राहणारे मासे निवडावेत. तळाच्या वाळूत राहणारी वॉचमन गोबी, खडकाजवळ तरंगणारा फायरफिश आणि मधल्या पाण्यातला पजामा किंवा बंगाई कार्डिनल हा मेळ सहसा जमतो. फायरफिश घाबरला की टाकीबाहेर उडी मारतो. त्याच्यासाठी बारीक जाळीचे झाकण हवे. आपल्याच जातीशी वैर असणाऱ्या माशांचा एकच नग ठेवावा.

निळे आणि तीनठिपकी डॅमसेल स्वस्त व चिवट म्हणून नवख्यांच्या गळ्यात मारले जातात. नवी टाकी ‘चालू करायला’ ते टाकण्याची प्रथाही आहे. ती सोडून द्यावी. टाकीवर आधी हक्क सांगितलेला डॅमसेल नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाचे पंख कुरतडतो, आणि खडक उपसल्याशिवाय त्याला बाहेर काढता येत नाही. लायनफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो, शिवाय त्याचे काटे विषारी असतात. टँगला पोहायला लांब टाकी लागते. मँडरिन जिवंत सूक्ष्म कवचधारी जीवांवर जगतो व नव्या टाकीत उपाशी मरतो. बॉक्सफिश भेदरला तर विष सोडतो आणि त्यात सगळी टाकी जाऊ शकते. मालवणच्या खडकांतील डबक्यांतून पट्टेरी सार्जंट मासे पकडून आणण्याचा मोहही आवरावा: ते वाढतात आणि दांडगाई करतात, शिवाय मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. विक्रेत्याने देऊ केले तरी घेऊ नयेत.

मासे आणण्यापूर्वी टाकी ४ ते ६ आठवडे माशांविना चालवून त्यातील जीवाणू तयार होऊ द्यावेत. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच पहिला मासा सोडावा. भित्रे मासे आधी, क्लाउनफिशची जोडी शेवटी, आणि दोन खेपांत काही आठवड्यांचे अंतर, हा क्रम पाळावा. प्रत्येक नवा मासा वेगळ्या टाकीत सुमारे महिनाभर ठेवावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन परजीवी मुख्य टाकीत शिरला तर सर्वच माशांना लागतो.

चोपड्यात रेल्वे नाही. मुंबईहून मासे जळगावपर्यंत सुमारे ४२० किलोमीटर रेल्वेने व पुढे रस्त्याने येतात. इतक्या वेळात पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून थेंबथेंब पाणी मिसळत तासभर बसण्याची रीत येथे घातक ठरते. बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, वेगळ्या टाकीच्या पाण्याची क्षारता विक्रेत्याच्या पाण्याइतकी आधीच करून ठेवावी आणि पिशवी उघडल्यावर मासा लगेच सोडावा. पिशवीतले पाणी टाकून द्यावे.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र भारतात विकसित केले आहे. टाकीत जन्मलेला मासा खाद्याला सरावलेला असतो आणि त्यासाठी प्रवाळखडकावर जाळे पडत नाही, म्हणून खरेदी करताना तोच मागावा. खानदेशात मासे आणण्यास ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने सोयीचे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत टाकीला हीटर लागतो, आणि एप्रिल ते जून नवा मासा आणूच नये.