स्तनाच्या कर्करोगानंतरची फेरतपासणी: काय करायचे, काय नाही

ऑपरेशन, केमो, रेडिएशन संपले की घरचे हमखास विचारतात, "डॉक्टर, आता सगळ्या अंगाचा स्कॅन कधी करायचा?" आजार सुरुवातीच्या टप्प्यात सापडला असेल, उपचार पूर्ण झाले असतील आणि काही त्रास नसेल, तर उत्तर आहे: करायचा नाही. हे ऐकून पुष्कळांना वाटते की डॉक्टर टाळताहेत. तसे नाही. 1994 मध्ये इटलीतील दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. काही रुग्णांची ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे अशी तपासणी केली, तर इतरांची फक्त डॉक्टरांकडून तपासणी आणि मॅमोग्राफी. दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. पेट स्कॅन किंवा सीए 15-3 सारख्या रक्ततपासण्याही त्रास नसताना नेमाने करू नयेत, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यातून निघणारे खोटे इशारे मात्र झोप उडवतात, आणि खर्च होतो तो वेगळाच.

मग करायचे काय? पहिली 3 वर्षे दर 3 ते 6 महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा, चौथ्या-पाचव्या वर्षी 6 ते 12 महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दरवर्षी. एक स्तन पूर्ण काढला असेल तर दुसऱ्या बाजूची. रेडिएशननंतरची पहिली मॅमोग्राफी किमान 6 महिन्यांनी करतात. गावाकडून परळला टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्यांची तारीख पेरणी, लग्नकार्य किंवा दिवाळीपायी पुढे जाते. डॉक्टरांशी बोलून मधल्या काही तपासण्या जवळच्या सर्जनकडे करता येतात का ते ठरवा. तपासणी अजिबात न होण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

पुढच्या गोष्टींसाठी मात्र तारखेची वाट पाहू नका: स्तनात, काखेत किंवा ऑपरेशनच्या जागी नवी गाठ, न थांबणारी पाठदुखी वा हाडांचे दुखणे, दम लागणे, हटत नसलेला खोकला, सतत डोकेदुखी, कावीळ, कारण नसताना वजन घटणे. तेव्हा स्कॅन लागतोच. ऑपरेशनच्या बाजूचा हात जड वाटला, बांगडी घट्ट होऊ लागली, तरी लगेच सांगा. सूज सुरुवातीलाच आटोक्यात आणणे सोपे असते.

हार्मोनच्या गोळ्या 5 वर्षे, काहींना 10 वर्षेही घ्याव्या लागतात. "आता बरे वाटतेय" म्हणून त्या परस्पर बंद करू नका. माझ्या मते फेरतपासणीतला हाच सर्वात दुर्लक्षित भाग आहे. टॅमॉक्सिफेन चालू असताना, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोलने हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी लागते.

फाईलच्या पहिल्या पानावर एक कागद लावा: ऑपरेशनची तारीख आणि बाजू, बायॉप्सीतील ईआर, पीआर, हर-2 चे निकाल, केमोच्या औषधांची नावे, रेडिएशन कधी संपले, कोणती गोळी कधीपासून चालू आहे आणि पुढच्या मॅमोग्राफीचा महिना. त्याची एक प्रत तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडेही ठेवा.