सिमेंटचे बदक

दुकानाला पाटी लागते असा आपला समज. परंतु १९३१ साली न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर मार्टिन माउरर या बदके पाळणाऱ्या शेतकऱ्याने दुकानच बदकाच्या आकाराचे उभारले. उंची सुमारे २० फूट! भरधाव मोटारवाल्याला अक्षरे वाचावयास सवड कोठली? आत बदके नि अंडी विकावयाची. १९७२ मध्ये व्हेंचुरी, स्कॉट ब्राउन व आयझेनूर या वास्तुविशारदांनी आपल्या ग्रंथात अशा इमारतींना ‘बदक’ हेच नाव दिले.

मालकाचे नाव राहिले, पंडितांचेही. पण सांगाड्यावर तारेची जाळी ताणून सिमेंट थापणारे हात कोणाचे? जॉर्ज रीव्ह हा सुतार आणि विल्यम व सॅम्युएल कॉलिन्स. हे दोघे नाटकाचे देखावे उभारणारे, मंदीत बेकार झालेले. रंगमंचावरची कला अशी हमरस्त्यावर आली! बदकाच्या डोळ्यांना फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचे मागचे दिवे बसविलेले होते.