वकिलीच्या परीक्षेतील पहिला वर्ग आणि कोर्नेलिया सोराबजी

दरवर्षी स्मरणिकेच्या पानांवर परीक्षेत विशेष प्राविण्य मिळविणाऱ्या मुलामुलींची यादी आपण अभिमानाने छापतो. अलीकडे त्या यादीत कायद्याच्या पदवीधरांची, त्यातही मुलींची नावे दिसू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. ह्या निमित्ताने आम्ही आज एका विदुषीचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही बाई आपल्या ज्ञातीची नव्हे. परंतु तिचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याचे. आणि तिने सोसलेले प्रश्न आपल्या घराघरांत आजही उभे आहेत.

कोर्नेलिया सोराबजी हिचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. वडील मूळचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई फ्रान्सिना ह्यांनी पुण्यात मुलींच्या शिक्षणाचे मोठे कार्य केले. कोर्नेलियेने डेक्कन कॉलेजात मुलांच्या बरोबरीने अभ्यास करून पदवी परीक्षेत पहिला वर्ग व सर्वोच्च गुण मिळविले. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर म्हणून तिचे नाव घेतले जाते. अशा गुणांवर विलायतेतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. परंतु उमेदवार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून ती नाकारण्यात आली. काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविले.

पुढे जे घडले ते केवळ गुणांमुळे घडले नाही. लेडी हॉबहाउस ह्यांनी विलायतेत तिच्यासाठी निधी उभारला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न ह्यांनीही साह्य केले. 1889 साली कोर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अ‍ॅन्सन ह्यांनी तिला तेथील ग्रंथालयाची दारे उघडून दिली. 1892 मध्ये कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस पुरुषांसमवेत बसता यावे म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या परीक्षेस बसणारी ती पहिली स्त्री होय.

निकाल लागला तो तिसऱ्या वर्गाचा. पुण्यात पहिली आलेल्या मुलीला हे किती लागले असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी. शिवाय परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी हाती पडली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नसे. 1920 मध्ये तो नियम बदलला आणि 1922 साली, म्हणजे तब्बल 30 वर्षांनी, तिला ती पदवी मिळाली.

मायदेशी परतल्यावर तिने 1897 मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा दिली; 1899 मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही सनद मिळेना. ह्या अवधीत ती हात जोडून बसली नाही. पडद्यातील विधवा व अल्पवयीन वारस ह्यांच्या इस्टेटी कारभारी व नातलग गिळंकृत करीत. त्या स्त्रियांना पुरुष वकिलासमोर येता येत नसे. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये तिची ह्या कामी नेमणूक झाली. सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले ह्यांना तिने कायद्याचे साह्य दिले, असे सांगतात. राष्ट्रीय चळवळीविषयी तिची मते आपणांस पटणार नाहीत. गांधीजींवर तिने कठोर टीका केली होती. तथापि तिच्या ह्या सेवेचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

1916 साली रेजिना गुहा ह्यांना कलकत्त्यास व पुढे सुधांशुबाला हाजरा ह्यांना पाटण्यास सनद नाकारली गेली. अखेर 1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कोर्नेलियेला वकील म्हणून नोंदविले व 1923 च्या कायद्याने सर्वच स्त्रियांचा मार्ग मोकळा झाला. 1954 साली ती निवर्तली. त्यापूर्वी चारच वर्षे, 1950 मध्ये, फातिमा बीवी ह्या केरळकन्या बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. 1989 साली त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदी 1994 साली सुजाता मनोहर आल्या.

हा इतिहास सांगण्यात आमचा एक हेतू आहे. पहिला वर्ग मिळाला म्हणून वाट आपोआप मोकळी होत नाही, आणि तिसरा वर्ग मिळाला म्हणून आयुष्याचे कार्य खुंटत नाही. कोर्नेलियेपुढे सरकारने दार लावले होते. आज कायदा दार लावीत नाही. ते लावले गेलेच तर आपल्याच घरात लावले जाते. "पदवी झाली, आता लग्नाचे पाहू" असे म्हणून सनद घेण्यापूर्वीच मुलीचा अभ्यास थांबविणारी कुटुंबे आपल्यात नाहीत काय? मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारा बाप मुलीच्या वेळी हात आखडता घेत नाही काय?

म्हणून सभासद कुटुंबांना आमची विनंती आहे की, पारितोषिकांबरोबरच कायदा शिकणाऱ्या मुलींची फी, पुस्तके व वकिलीच्या उमेदवारीची पहिली कमाईविना जाणारी वर्षे ह्यांसाठी त्यांनी साह्य करावे. ज्यांचा वर्ग हुकला त्यांनाही त्यातून वगळू नये. कोर्नेलियेला परक्या माणसांनी हात दिला. आपल्या मुलींना तो आपण द्यावयाचा आहे.