युरोपीय जीन्स : रे रोडहून कुठे आणि कशी घ्याल?

प्रतिनिधी, मुंबई

रे रोड स्थानकातून सीएसएमटीकडे जाणारी लोकल धरली, की दोनच स्थानकांनंतर डोंगरीचा परिसर लागतो. या डोंगरीत एकेकाळी विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द रूढ झाला. फ्रान्समधील नीम शहरावरून 'डेनिम' आणि इटलीतील जिनोआवरून 'जीन्स' हे शब्द आले, असे मानले जाते. म्हणजे या कापडाच्या नावांत युरोपइतकाच मुंबईचाही वाटा आहे. तरीही पहिल्या पगारातून युरोपीय नाममुद्रेची जीन्स घ्यायला निघालेल्या इथल्या तरुणापुढे आज तीन प्रश्न असतात. युरोपीय नाममुद्रा नेमकी कोणती? ती जवळपास कुठे मिळेल? आणि हातातला माल अस्सल आहे, हे ओळखायचे कसे?

नाव परदेशी, मूळ कुठले?

केवळ नावावरून मूळ कळत नाही. लीव्हाइज, ली आणि रँग्लर या नाममुद्रा अमेरिकी आहेत. फ्लाइंग मशीन अहमदाबादच्या अरविंद समूहाची, तर किलर, स्पायकर आणि मुफ्ती यांचा जन्म मुंबईतलाच. या जीन्स कमी प्रतीच्या आहेत असे मुळीच नाही. पण 'युरोपीय' म्हणून त्यांना जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

झारा आणि मँगो स्पेनच्या, एच अँड एम स्वीडनची, डिझेल आणि बेनेटन इटलीच्या, जॅक अँड जोन्स व व्हेरो मोडा डेन्मार्कच्या, जी-स्टार नेदरलँड्सची, तर ली कूपर आणि मार्क्स अँड स्पेन्सर ब्रिटनच्या. पेपे जीन्सची कथा वेगळी आहे. केनियातून लंडनला गेलेल्या भारतीय वंशाच्या शहा बंधूंनी ती १९७३ साली सुरू केली. पुढे तिचे मुख्यालय स्पेनमध्ये गेले.

गोदीपासून मॉलपर्यंत

१९९१च्या उदारीकरणापूर्वी परदेशी जीन्स मुंबईकराला मिळे ती आखातातून आलेल्या नातेवाईकाच्या बॅगेतून, नाहीतर मुसाफिरखाना, हिरापन्ना अशा बाजारांतून. पेपे १९८९ साली भारतात आली. मँगो आणि मार्क्स अँड स्पेन्सर यांनी २००१मध्ये येथे पाऊल ठेवले. टाटांच्या ट्रेंट कंपनीबरोबर झारा २०१०मध्ये दाखल झाली. एकाच नाममुद्रेच्या किरकोळ व्यापारात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीस २०१२मध्ये परवानगी मिळाल्यानंतर, २०१५मध्ये एच अँड एमने भारतातील पहिले दुकान दिल्लीत उघडले.

कुठे जाल?

रे रोडहून सर्वांत सोपा मार्ग कुर्ल्याचा आहे. हार्बरची लोकल थेट कुर्ल्याला जाते आणि तेथून लालबहादूर शास्त्री मार्गावरील फिनिक्स मार्केटसिटी रिक्षाच्या टप्प्यात आहे. झारा, एच अँड एम, मार्क्स अँड स्पेन्सर अशी दुकाने तेथे एकाच छताखाली आहेत. पनवेल लोकलने गेल्यास सीवूड्स स्थानकाला लागूनच मोठा मॉल आहे.

लोअर परळच्या फिनिक्स पॅलेडियमला जायचे असेल, तर सँडहर्स्ट रोडला हार्बर मार्गावरून मध्य मार्गावर यावे आणि धिम्या गाडीने करी रोडला उतरून पुढे चालत जावे. फिनिक्स ही १९०५ सालची कापडगिरणी. जेथे गिरणगावाने सूत काढले, तेथेच आता परदेशी नावाची जीन्स विकली जाते. मात्र हुतात्मा चौकातील इस्माईल बिल्डिंगमध्ये २०१७ साली सुरू झालेले झाराचे दुकान २०२५मध्ये बंद झाले आहे. त्या दिशेने फेरी मारू नये.

फॅशन स्ट्रीट सीएसएमटीहून चालण्याच्या अंतरावर आहे. तेथे 'एक्स्पोर्ट सरप्लस' हा शब्द वारंवार कानी पडतो. निर्यातीसाठी शिवलेला, पण संख्येने जास्त झालेला किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेला माल, असा त्याचा अर्थ. अशा खऱ्या मालावरील नाममुद्रेची पट्टी बरेचदा कापलेली किंवा खोडलेली असते. उलट, चारपाचशे रुपयांच्या जीन्सवर सर्व पट्ट्या नव्याकोऱ्या लटकत असतील, तर शंका घ्यावी.

लेबल वाचा, मग पैसे द्या

युरोपीय नाव म्हणजे युरोपात शिवलेले वस्त्र नव्हे. या कंपन्या बांगलादेश, तुर्कस्तान, मोरोक्को आणि खुद्द भारतातूनही कपडे शिवून घेतात. तेव्हा 'मेड इन इंडिया' दिसले म्हणून माल नकली ठरत नाही. लेबलवर कमाल किरकोळ किंमत, माप, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि आयात मालावर मूळ देश असायला हवा. रिव्हेट, झिप आणि आतील लेबल यांवरील नावाचे स्पेलिंग जुळते का, हेही पाहावे.

छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढील कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे या सीमेच्या अलीकडची जीन्स निवडल्यास करात चांगलीच बचत होते.

मापांतही फसगत होते. युरोपीय ४० म्हणजे ४० इंच कंबर नव्हे. महिलांचे जर्मन ३८ हे फ्रेंच ४०, इटालियन ४४ आणि ब्रिटिश १२ यांच्या जवळपास असते. म्हणून आकड्यावर विसंबू नये, घालूनच पाहावे. जीन्स बदलून घ्यावी लागण्याची शक्यता वाटत असेल, तर लांबी कापून घेण्याची घाई करू नये.

फसवणूक झाल्यास

नकली नाममुद्रेचा माल विकणे हा १९९९च्या ट्रेड मार्क कायद्यानुसार गुन्हा असून, त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ग्राहकाने बिल जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिलाविना घेतलेल्या स्वस्त जीन्सला मात्र हे संरक्षण मिळवणे अवघड. पहिल्या पगाराचे तीन हजार रुपये खर्चण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.